वर्गणी कोणाची, मांडव कोणाचा? : स्लोव्हाकियातलं राजकारण, बातम्या आणि हॉकी

रस्त्यात एखादी लँड रोव्हर डिफेंडर दिसली, तर तिचं माहेर बहुधा नित्रा असतं. स्लोव्हाकियातल्या या गावी टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८पासून चालू आहे. एप्रिल २०२५मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू त्या देशाच्या दौऱ्यावर होत्या, तेव्हा तिथेही जाऊन आल्या. एवढं सोडलं तर आपला आणि या देशाचा संबंध त्याला स्लोव्हेनिया समजण्यापुरताच.

तरी गेल्या काही वर्षांत तिथल्या बातम्या अधूनमधून आपल्याकडेही झळकल्या. पंतप्रधानांवर भर दुपारी गोळ्या झाडल्या गेल्या. दीडेक महिन्यात सार्वजनिक टीव्ही आणि रेडिओची संस्था कायद्याने मोडून त्याच इमारतीत दुसऱ्या नावाने उघडली गेली. या बदलाविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. हे वाचून माझ्या एका मित्राने विचारलं, "दूरदर्शनसाठी मोर्चा? कोण काढतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला जरा मागून यावं लागतं, आणि थोडं बर्फावरूनही.

५४ लाखांचा देश, एकच मतदारसंघ

स्लोव्हाकियाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा महानगर परिसर ५० लाखांच्या आसपास होता. साधारण तेवढ्याच माणसांत राष्ट्रपती, पंतप्रधान, संसद, सर्वोच्च न्यायालय, स्वतःची भाषा आणि स्वतःचा हॉकी संघ बसवायचा. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली आणि हा देश उभा राहिला. एकही गोळी झाडली गेली नाही. सार्वमतसुद्धा घेतलं नाही, नेत्यांनीच बसून ठरवलं. २००४मध्ये नाटो आणि युरोपीय संघ, २००९पासून युरो चलन, असा पुढचा प्रवास.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथली निवडणूक. संसदेत १५० जागा, आणि अख्खा देश मिळून एकच मतदारसंघ. मतदार एका पक्षाची यादी निवडतो आणि हवं तर त्या यादीतल्या चार नावांवर खूण करतो. पक्षाला किमान ५ टक्के मतं पडली तरच आत प्रवेश. यादीत खाली असलेल्या माणसाला पुरेशा खुणा मिळाल्या, तर तो वरच्यांना ओलांडून निवडून येतो.

म्हणजे "आमचे खासदार" ही भानगडच नाही. लग्नं, बारशी आणि दहावे गाठून तिथे निवडून येता येत नाही. तोंड देशभर ओळखीचं असावं लागतं, आणि ते ओळखीचं होण्याच्या जागा मुख्यतः दोन, टीव्हीचा पडदा आणि खेळाचं मैदान. रविवारी दुपारच्या जेवणाच्या सुमाराला चॅनेलांवर राजकीय वादचर्चा लागतात. सार्वजनिक टीव्हीवरच्या चर्चेचं नावच मुळी 'बाराला पाच कमी' असं आहे. वेळही तीच, आणि "आता फार वेळ उरला नाही" हा दुसरा अर्थही त्यात आलाच. या चर्चांत कोण बसलं, कोणी बसायला नकार दिला, यावर सोमवारची राजकीय बातमी ठरते.

बर्फावरचा देश

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान डोळ्यांसमोर येतं. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरची. देश वेगळा झाला तेव्हा जागतिक स्पर्धेतली वरच्या गटातली जागा चेक प्रजासत्ताकाकडे गेली आणि स्लोव्हाकियाला सगळ्यात खालून, तिसऱ्या म्हणजे 'सी' गटातून, सुरुवात करावी लागली. वाटण्या झाल्यावर थोरल्याने घर ठेवावं आणि धाकट्याने गोठ्यात संसार मांडावा, तसं. १९९६पर्यंत हा संघ वरच्या गटात आला, २०००मध्ये रौप्य मिळवलं, आणि २००२मध्ये स्वीडनमधल्या गोटेबोर्गला अंतिम सामन्यात रशियाला ४-३ने हरवून विश्वविजेता झाला. शेवटचा गोल पेतेर बोंद्राने केला, सामना संपायला १०० सेकंद उरले असताना. त्या रात्री आपण कुठे होतो, हे एका पिढीतल्या कोणालाही विचारावं, सांगतात.

स्वतःचं राज्य कमी काळच नशिबी आलेल्या या लोकांना "आम्ही आहोत" हे जगाला दाखवायचं साधन म्हणून हॉकी मिळाली. अठ्ठ्याऐंशी-नव्वद सालच्या नकाशात ज्यांचं नाव जोडशब्दाचा उत्तरार्ध होतं, त्यांचं नाव आता फलकावर एकटं दिसत होतं. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळालं आणि १७ वर्षांचा युराय स्लाफकोवस्की स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हाही तीच भावना उसळली.

अशा ठिकाणी खेळाडू राजकारणात यायचेच. पेतेर श्त्यास्तनीचं उदाहरण घ्या. १९८०मध्ये कम्युनिस्ट राजवटीतून भावासह पळून तो कॅनडात गेला, तिथे मोठा खेळाडू झाला. १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये नव्या स्लोव्हाकियाचा झेंडा त्याच्याच हातात होता. नंतर २००४ ते २०१४ तो युरोपीय संसदेत होता. फुटबॉलचे राष्ट्रीय प्रशिक्षक दुशान गालिस २००६मध्ये स्मेर पक्षाचे खासदार झाले. २००२च्या संघातला मिरोस्लाव शातान हॉकी महासंघाचा अध्यक्ष झाला. यात वाईट काही नाही. फक्त एवढंच की मैदान, पडदा आणि संसद या तीन खोल्यांच्या मधल्या भिंती तिथे पातळ आहेत.

फित्सो आणि पत्रकार

आता मुख्य पात्र. रॉबर्ट फित्सो. आपल्याकडे सर्रास 'फिको' लिहितात, पण त्यांच्या भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'त्स' होतो. १९९९मध्ये त्यांनी स्मेर हा पक्ष काढला; नावाचा अर्थ 'दिशा'. २००६ ते २०१०, २०१२ ते २०१८ आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३पासून ते पंतप्रधान आहेत. २०१२मध्ये तर एकट्या स्मेरने ८३ जागा घेतल्या. स्वतंत्र स्लोव्हाकियात एकट्या पक्षाला बहुमत त्याआधी मिळालंच नव्हतं.

पत्रकारांशी त्यांचं कधी जमलं नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये सरकारी खर्चावरच्या प्रश्नांनी चिडून त्यांनी भर पत्रकार परिषदेत काही पत्रकारांना "घाणेरड्या, स्लोव्हाकद्रोही वेश्या" म्हटलं. हे वाक्य त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

मग २१ फेब्रुवारी २०१८ उजाडला. यान कुत्सियाक हा २७ वर्षांचा शोधपत्रकार आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुश्नीरोवा, तीही २७चीच, यांना वेल्का माचा या गावी त्यांच्या घरात गोळ्या घालून मारलं गेलं. यान 'अक्तुआलिती' या बातम्यांच्या संकेतस्थळासाठी काम करायचा. पूर्व स्लोव्हाकियात युरोपीय शेती अनुदानांवर डोळा ठेवून बसलेले इटालियन व्यावसायिक, त्यांचे माफियाशी संबंध असल्याचे संशय, आणि त्यातल्या काही ओळखी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत कशा पोचतात, यावर तो लिहीत होता. अर्धवट राहिलेला तो लेख त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.

सरकारने काय केलं? माहिती देणाऱ्याला दहा लाख युरोचं बक्षीस जाहीर केलं, आणि फित्सोंनी त्या नोटांच्या थप्प्या टेबलावर रचून पत्रकार परिषद घेतली. माझ्या मते त्या सरकारचा शेवट त्या टेबलावरच ठरला. कम्युनिस्ट राजवट कोसळली त्या १९८९नंतरचे सर्वांत मोठे मोर्चे निघाले आणि मार्चमध्ये फित्सोंनी राजीनामा दिला. त्यांच्याच पक्षाचे पेतेर पेलेग्रिनी पंतप्रधान झाले. पुढे पेलेग्रिनींनी ह्लास म्हणजे 'आवाज' नावाचा वेगळा पक्ष काढला, आणि २०२४मध्ये ते राष्ट्रपती झाले.

गोळी झाडणाऱ्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. सुपारी दिल्याचा आरोप असलेला उद्योजक मारियान कोच्नेर मात्र दोनदा निर्दोष सुटला. सर्वोच्च न्यायालयाने दुसरा निकालही २०२५मध्ये रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे.

वर्गणी बंद झाली ती अशी

आता एकच पारिभाषिक शब्द शिकून घेऊ, 'सार्वजनिक प्रसारक'. लोकांच्या पैशावर चालणारी, पण सरकारच्या हुकमाखाली नसलेली टीव्ही-रेडिओ संस्था, असा त्याचा अर्थ. सरकारी चॅनेल आणि सार्वजनिक चॅनेल यांतला फरक गणेशोत्सव मंडळावरून चटकन समजेल. एका मंडळाला चाळीतलं प्रत्येक घर वर्गणी देतं. दुसऱ्या मंडळाचा सगळा खर्च एक भाऊसाहेब करतात. आरती दोन्हीकडे तीच. पण दुसऱ्या मांडवात फ्लेक्स कोणाचा लागतो आणि आरतीचा पहिला मान कोणाला, हे सांगायला नको.

स्लोव्हाकियात २०११मध्ये टीव्ही आणि रेडिओ एकत्र करून आरटीव्हीएस ही संस्था झाली. तिच्या रेडिओचं घर म्हणजे ब्रातिस्लाव्हातलं प्रसिद्ध उलटं पिरॅमिड. टोक खाली, रुंद पाया वर. तिची वर्गणी म्हणजे प्रत्येक घरामागे महिन्याला ४.६४ युरो, आपले तेव्हाचे चारेकशे रुपये. ती वीजजोडणीशी बांधलेली असल्यामुळे लोकांना आवडत नव्हती, हेही खरं. जुलै २०२३पासून ती रद्द झाली. त्याऐवजी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ०.१७ टक्के इतकी रक्कम सरकारी अंदाजपत्रकातून द्यायचं ठरलं.

हा निर्णय फित्सोंचा नव्हे, त्यांच्या आधीच्या, विरोधी विचारांच्या सरकारच्या काळातला. लोकांच्या खिशावरचा भार हलका केल्याचं श्रेय घ्यायला सगळेच पुढे होते. पण घरोघरची वर्गणी थांबली आणि पैशाचा नळ एका हाताशी आला. सप्टेंबर २०२३च्या निवडणुकीत स्मेर, ह्लास आणि स्लोव्हाक राष्ट्रीय पक्ष या तिघांचे मिळून ७९ खासदार निवडून आले, फित्सो परतले, आणि नव्या बहुमताने ०.१७चं ०.१२ केलं. चॅनेलच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दुरुस्तीत गेला.

पाटी बदलली

संस्कृती खातं राष्ट्रीय पक्षाच्या वाट्याला आलं आणि मंत्री झाल्या मार्टिना शिमकोविचोवा. एकेकाळी त्या खासगी मार्कीझा चॅनेलवर बातम्या वाचायच्या. निर्वासितांविषयी समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुरामुळे २०१५मध्ये चॅनेलने त्यांना दूर केलं. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: आरटीव्हीएस एकांगी आहे, ती बदलायला हवी.

अडचण अशी होती की प्रमुख ल्युबोश माखाय यांना २०२२मध्ये संसदेने निवडलेलं होतं आणि त्यांची मुदत बाकी होती. मधेच काढायचं तर कारण दाखवावं लागलं असतं. मग सोपा मार्ग सापडला. समजा, सोसायटीच्या सेक्रेटरीला हटवता येत नाही. तर सोसायटीच विसर्जित करायची, त्याच इमारतीची नव्या नावाने नोंदणी करायची, आणि "जुनी संस्थाच नाही, तर जुना सेक्रेटरी कुठला?" असं म्हणायचं.

हुबेहूब तसंच झालं. २० जून २०२४ रोजी संसदेत विधेयक मंजूर झालं. विरोधक सभागृहाबाहेर पडले होते. १ जुलैपासून आरटीव्हीएस नाही, एसटीव्हीआर. उलटं पिरॅमिड जागेवरच. माखाय यांची मुदत संस्थेबरोबरच संपली. प्रमुखाची निवड आता नऊ जणांच्या मंडळाकडे. त्यातले चार सरकारच्या वाटेने येतात आणि पाच संसद निवडते. संसदेत बहुमत कोणाचं, हे वेगळं सांगायची गरज नाही. या मंडळाने मे २०२५मध्ये मार्टिना फ्लाशिकोवा यांना प्रमुख निवडलं. त्यांचे वडील फेदोर फ्लाशीक यांनी नव्वदच्या दशकात तेव्हाचे पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्यासाठी आणि पुढे स्मेरसाठी प्रचारमोहिमा आखल्या होत्या.

मधल्या एका घटनेशिवाय हा काळ समजत नाही. १५ मे २०२४ला हांदलोवा गावात मंत्रिमंडळाची बैठक झाली. बाहेर जमलेल्या लोकांना भेटायला फित्सो पुढे झाले, आणि ७१ वर्षांच्या एका माणसाने अगदी जवळून त्यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. ते कसेबसे वाचले. त्याच संध्याकाळी या विधेयकाविरुद्ध ब्रातिस्लाव्हात निदर्शनं ठरली होती. विरोधकांनी ती तातडीने रद्द केली. सत्ताधाऱ्यांपैकी अनेकांनी हल्ल्याचं खापर माध्यमांवर फोडलं. महिन्याभराने मतदान झालं ते या हवेत.

"पण आधी तरी ते चॅनेल कुठे निःपक्ष होतं?"

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आधीही प्रमुख संसदच निवडायची, म्हणजे राजकारण होतंच. २०१७मध्ये तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांच्या मतांवर नवे प्रमुख आले आणि २०१८मध्ये बातमीदारांचा एक मोठा गट वरिष्ठांशी भांडून बाहेर पडला. मग आत्ताच एवढी ओरड का?

माझ्या मते फरक मुदतीत आहे. प्रमुखाला पाच वर्षांची खात्री असली की त्याला नेमणारे लोक निवडणुकीत पडतात आणि तो राहतो. सरकारं येतात-जातात, त्याची खुर्ची वेगळ्या तारखेला हलते. अंपायरला कोणी नेमलं यापेक्षा त्याला चालू षटकात घरी पाठवता येतं का, हे जास्त महत्त्वाचं असतं. २०२४च्या कायद्याने ते जमतं हे सिद्ध केलं. उद्या विरोधक सत्तेवर आले, तर पुन्हा पाटी बदलायला त्यांनाही आयता रस्ता तयार आहे, आणि तो मोह त्यांना होणार नाही असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

"निवडून आलेल्या सरकारला तेवढा हक्क नको का?" असंही विचारलं जातं. कायदा करायचा हक्क आहेच. ७८ मतं पडली, काम रीतसर झालं. त्यामुळेच हे प्रकरण बाहेरून समजायला अवघड जातं. कुठल्याही वर्तमानपत्रावर बंदी नाही, संपादक तुरुंगात नाहीत, दुकानात सरकारवर झोड उठवणारे अंक रोज मिळतात. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या जागतिक संघटनेच्या माध्यमस्वातंत्र्याच्या वार्षिक क्रमवारीत मात्र स्लोव्हाकिया २०२३मध्ये १७वा होता, २०२४मध्ये २९वा, आणि २०२५मध्ये ३८वा.

"खासगी चॅनेल आहेत की!"

आहेत, आणि लोक त्यांनाच जास्त पाहतात. आता कोच्नेरकडे परत येऊ. मार्कीझा हे १९९६मध्ये सुरू झालेलं सर्वांत लोकप्रिय चॅनेल. त्याचे संस्थापक पावोल रुस्को पुढे स्वतःचा पक्ष काढून अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री झाले. चॅनेलचा संस्थापक थेट मंत्रिमंडळात! नंतर कोच्नेरने काही वचनचिठ्ठ्या पुढे केल्या: रुस्को यांनी चॅनेलच्या वतीने सह्या केल्यात, मला सुमारे ६९ दशलक्ष युरो द्या. या चिठ्ठ्या बनावट ठरल्या आणि २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही १९ वर्षांची शिक्षा कायम केली. देशातलं सर्वांत मोठं चॅनेल काही कागदांच्या जोरावर हातचं जायची वेळ आली होती.

२०२०पासून मार्कीझा चेक उद्योगसमूह पीपीएफकडे आहे. आणि मोठ्या उद्योगाचे सरकारशी इतरही दहा व्यवहार असतात. स्मेरच्या नेत्यांनी चॅनेलच्या रविवारच्या 'ना तेलो' या चर्चेवर बहिष्कार टाकला होता. २६ मे २०२४ला सूत्रसंचालक मिखाल कोवाचिचने कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षकांना सांगून टाकलं की चॅनेलचं 'ओर्बानीकरण' होऊ नये म्हणून आतमध्ये आमची झुंज चालू आहे. शेजारच्या हंगेरीत पंतप्रधान ओर्बान यांच्या काळात माध्यमं हळूहळू मित्रमंडळींच्या ताब्यात गेली, त्यावरून आलेला हा शब्द. तो कार्यक्रम त्यानंतर झाला नाही.

"स्टेडियम बांधलं तर बिघडलं कुठे?"

ब्रातिस्लाव्हात तेहेलने पोले नावाची जागा आहे. शब्दशः 'विटांचं रान'. तिथलं जुनं स्टेडियम पाडून २०१९मध्ये २२,५०० आसनांचं नवं राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम उघडलं. बांधलं इवान क्मोत्रीक यांनी. स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा हा देशातला सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब त्यांचा. छापखाने आणि वर्तमानपत्रांच्या वितरणाचा धंदाही त्यांच्या समूहाचा. ता-३ हे चोवीस तास बातम्यांचं चॅनेलही अनेक वर्षं त्यांच्याच समूहाकडे होतं, नंतर विकलं.

सरकारने या स्टेडियमसाठी २७ दशलक्ष युरोच्या वर अनुदान दिलं, आणि पुढे मालकाला ते सरकारलाच विकता येईल असा करारही केला. मग ते घ्यायचं का, किती किमतीला, अटी पाळल्या गेल्या का, यावर एकामागून एक सरकारांनी डोकं धरलं. बेकायदा काही सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही. फुटबॉलवेड्या शहराला चांगलं मैदान मिळालं, हेही खरंच. पण सरकारशी कोट्यवधींचा सौदा चालू असताना त्याच समूहाचं बातम्यांचं चॅनेल त्या सौद्याविषयी काय दाखवेल, हा प्रश्न ५४ लाखांच्या देशात टाळता येत नाही. मोठ्या देशात मैदानाचा मालक एक, चॅनेलचा दुसरा आणि वितरणाचा तिसरा निघण्याची शक्यता तरी जास्त असते.

"मग खेळाला पैसा द्यायचा कोणी?" हा खरा नाडीचा प्रश्न. एवढ्या लहान बाजारपेठेत तिकिटांवर आणि जाहिरातींवर हॉकी चालत नाही. वरच्या हॉकी लीगच्या नावातच तिपोस या सरकारी लॉटरी कंपनीचं नाव आहे. यावर उपाय म्हणून २०१५च्या क्रीडा कायद्यात एक सूत्र घालून दिलं गेलं: आंतरराष्ट्रीय यश किती, लोकांची आवड किती, तरुण खेळाडू किती, यावरून प्रत्येक संघटनेचा वाटा ठरतो. सूत्राने येणाऱ्या पैशासाठी कोणाच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही. अर्जाने मिळणाऱ्या पैशाचं तसं नसतं; गावच्या सभागृहाचं छप्पर असो वा कृत्रिम गवताचं मैदान, मंजुरीच्या कागदावर कोणाची तरी सही लागते आणि उद्घाटनाला तोच माणूस येतो. २०२४मध्ये खेळ आणि पर्यटन यांचं स्वतंत्र मंत्रालय झालं आणि तेही राष्ट्रीय पक्षाकडेच गेलं.

सूत्राची ताकदही किती, ते आपण वर पाहिलंच. टीव्हीचं ०.१७ टक्के हेसुद्धा सूत्रच होतं.

"इंटरनेट आहे ना, मग टीव्हीची काळजी कशाला?"

इथे स्लोव्हाक लोकांनी खरोखर दाद देण्याजोगं काम केलं आहे. २०११मध्ये तिथल्या नऊ प्रकाशकांनी मिळून 'पियानो' नावाची योजना काढली: महिन्याला २.९० युरो भरा आणि सगळ्यांचे निवडक मजकूर वाचा. बातमीला पैसे मोजायची सवय तेव्हापासून रुजली. २०१४मध्ये पेंता या बड्या गुंतवणूक समूहाने 'स्मे' या दैनिकाच्या प्रकाशनात हिस्सा घेतला, तेव्हा संपादकांसह सुमारे पन्नास पत्रकार बाहेर पडले आणि त्यांनी 'देन्यीक एन' हे नवं वर्तमानपत्र सुरू केलं. ते मुख्यतः वाचकांच्या वर्गणीवर टिकलं आहे. हीच ती चाळीची वर्गणी, फक्त यावेळी ज्याची त्याने खुशीने दिलेली.

पण वर्गणी देणारे बहुतेक शहरातले, शिकलेले. खेड्यातली निवृत्त आजी बातमीसाठी पैसे भरत नाही. ती फुकट मिळतं ते पाहते, आणि नातवाने धाडलेलं ऐकते. सप्टेंबर २०२३मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी एक ध्वनिफीत फिरू लागली. विरोधी नेते मिखाल शिमेच्का आणि देन्यीक एनच्या एक पत्रकार मतं कशी विकत घ्यायची याबद्दल बोलताहेत, असं तीत ऐकू येत होतं. आणखी एका फितीत तोच आवाज बिअरचे भाव वाढवायच्या गोष्टी करत होता. स्लोव्हाकियात यापेक्षा घातक आरोप क्वचितच असेल. दोघांनीही हे आपलं बोलणं नसल्याचं सांगितलं. तपासणाऱ्यांना यंत्राने बनवलेल्या आवाजाच्या खुणा सापडल्या.

तिथल्या कायद्याप्रमाणे मतदानाआधी ४८ तास प्रचाराला बंदी असते आणि टीव्ही-रेडिओलाही मौन पाळावं लागतं. फीत नेमकी त्या तासांत पसरली. तिने किती मतं हलवली हे कोणी सांगू शकत नाही; स्मेर दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षापेक्षा जवळजवळ पाच टक्क्यांनी वर होता, तेव्हा निकाल तिच्यामुळे फिरला असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पुढची संसदेची निवडणूक ठरल्या वेळी झाली तर २०२७च्या सप्टेंबरात आहे. तेव्हाही ४८ तासांचं मौन असेल, फोनवर फिती फिरतील, आणि मौन सुरू होण्याआधीची शेवटची मोठी चर्चा सार्वजनिक टीव्हीवर कोण चालवणार, हे त्या नऊ जणांच्या मंडळाने निवडलेला प्रमुख ठरवेल.